गोळी बंद झाली आणि मी खणात गेलो

मी शिवणाच्या खोलीतला टायमर बोलतोय. गोल, लाल, किल्ली पिळली की टिकटिकणारा. सध्या मी फार जळतोय, आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

मला या घरात आणलं ते एका करपलेल्या बाहीमुळे. आमच्या काकू, म्हणजे माझ्या मालकीणबाई, गिऱ्हाइकाच्या कोटावर इस्त्री तशीच ठेवून दोरा आणायला गेल्या आणि तिकडेच रमल्या. एके काळी अख्ख्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ होती म्हणे. आता टेपवर वाचलेलं माप कापडापर्यंत येईतो डोक्यातून निसटायचं. "वय झालं माझं," म्हणायच्या. शेवटी मुलाने मला आणून दिलं.

मग माझी चैन झाली. काकू मला खिशात घेऊन फिरायच्या. "टिकटिक्या, तू नसतास तर मी घर पेटवलं असतं रे," म्हणत माझ्यावरून बोट फिरवायच्या. एवढे लाड मुलाचेही होत नव्हते.

घात केला नव्या डॉक्टरबाईंनी. त्यांनी काकूंना सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. मी खिशातून ऐकत होतो.

"ही रात्रीची कशासाठी?"

"अंगाला खाज सुटायची. झोपही छान लागते. कित्येक वर्षं घेतेय."

"आठवण पक्की करायला मेंदूला जे रसायन लागतं, त्याचंच काम ही अडवते. सगळं वयावर ढकलू नका. आधी ही थांबवून बघू."

हळूहळू काकूंचं लक्ष कामावर ठरू लागलं. एकदा माझा गजर व्हायच्या आतच त्यांनी इस्त्री उचलून उभी केली. मी मागाहून नुसताच वाजलो. पुढे जाऊबाई झगा शिवून घ्यायला आल्या, तर काकू टेप न लावताच म्हणाल्या, "मागच्या वेळी कंबर अठ्ठावीस होती तुझी. खरं सांग, आता किती?" जाऊबाईंसकट सगळे हसले. मी मात्र काकूंच्या त्या आठवणीवर मनातून धुमसत होतो. त्याच आठवड्यात माझी रवानगी खणात झाली, उरलेल्या गोळ्यांच्या पट्टीशेजारी.

एका दुपारी काकूंच्या हाताला पुन्हा खाज सुटली. त्यांनी खण उघडला, पट्टी उचलली. घ्या, मी मनात म्हणालो. घ्या ती गोळी, विसरा सगळं, आणि मला खिशात टाका.

काकूंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी मुलाला हाक मारली. "ही डॉक्टरबाईंकडे देऊन टाक. आणि येताना खाजेवर मलम लिहून आण."

आता खणात मी आणि बटणं. घरातलं कुणी विसरायला लागलं, तर माझ्यासारखा टायमर घ्यायच्या आधी त्यांच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. हे सांगताना मला फार जड जातंय. तेव्हा काकूंना एवढंच कळवा, की काम नसलं तरी कधीतरी मला एक पीळ द्या.