पहिलं फळ देवीचं

मी एक जुन्या वाणाचं कलिंगड आहे. मित्रांनो, शांत बसून गोष्ट सांगणं मला जमत नाही. आयुष्यभर जिवाला घोर, त्याला मी तरी काय करू?

मुरबाडकडच्या एका पाड्यावर, भात कापून रिकाम्या झालेल्या शेतात माझा जन्म झाला. शेत गोदूकाकीचं, आणि माझं बी तिला तिच्या सासूने दिलेलं. वर्षानुवर्षं ती ते राखेत घोळून एकाच मडक्यात ठेवायची. यंदा उंदरांनी त्याचा फडशा पाडला. वाचलेल्या तीन बियांतली एकच उगवली. वेलाला तीन फळं धरली, तर शेजारच्या जनाने कौतुकाने बोट दाखवलं. "जने, बोट काय दाखवतेस गो? कवळं फळ कुजतं!" काकी ओरडली. योगायोग म्हणा हवं तर, दोन कुजलीच. उरलो मी एकटा. माझं काही बरंवाईट झालं असतं तर आमचा वंशच बुडाला असता!

मग काय, काकी मला निवांत पडू देईल तर शपथ! सकाळी टिचकी, संध्याकाळी टिचकी. टणटण वाजलो, म्हणजे अजून कच्चा, की तिचा चेहरा पडायचा. फाल्गुनात एकदाचा पिकून बदबद वाजलो आणि खरी पंचाईत झाली.

पाड्याची रीत अशी, की पहिलं फळ गावदेवीचं. ते देवळापुढे फोडायचं आणि सगळ्यांनी तिथेच खायचं. इथे तर पहिलं मीच आणि शेवटचंही मीच! "यंदा नाय दिलंस तरी चालेल गो, देवी काय रागवत नाय," पुजारी कोंडूबाबा म्हणाले. "पयलं फळ तिचंच," काकी म्हणाली. आणि मला कडेवर घेऊन देवळाकडे निघाली.

देवळापुढे मला फोडलं. लालभडक! सगळे तुटून पडले आणि माझा जीव खालीवर. एकेक बी कुणाच्या ना कुणाच्या तोंडात! काकी सूप घेऊन फिरत होती. "गिळू नका रे! थुंका, इथं सुपात थुंका!" हसता हसता दोघा-तिघांनी गिळलीच. मला रडू येत होतं.

मूठभर बी जमलं. काकीने ते पदरात बांधलं, चार पावलं गेली आणि थांबली. मग परत फिरून तिने घरटी चार-चार बिया वाटल्या. "राखेत ठेवा गो. माझं उंदरांनी खाल्लं तर तुमचं तरी राहील."

मित्रांनो, आता मी अकरा घरांत आहे. कोण पेरील, कोण विसरेल, या काळजीने अजून चैन नाही. तुमच्याकडे असं जुनं बी असेल तर हात जोडून सांगतो, वाटा. दडवून ठेवलेलं उंदीरच खातात.