जांभळ्या टोपणाच्या नळ्या

"अजून किती?" बायनाबाईने दारातूनच विचारले.

"चार झाल्या, बाई. आठ राहिल्या." रक्त घेणाऱ्या संघप्रियाची नजर सुईवरून हलली नाही.

"बारा नळ्या? माह्यं तं दवाखान्यात एकच घेते. तेई अर्धी."

बाजेवर आडवी पडलेली चंचल हसली. तिच्या हाताखाली नव्या अभ्र्याची उशी होती. ती बायनाबाईने जावयासाठी शिवली होती. उशाशी पांढरी बर्फपेटी उघडी होती आणि अंगणात संघप्रियाच्या पुण्याच्या प्रयोगशाळेची गाडी उभी होती. सकाळी हातपंपावर बायांनी बायनाबाईलाच विचारले होते, "चंचलचं रगत पुण्याले चाललं म्हने?" याच बाया कधीकाळी या घरचे पाणी पीत नव्हत्या.

दोघींचा नवरा एकच, लटारू. वडशाच्या नाटक कंपनीचा ट्रक चालवायचा. हिवाळ्यातल्या एका पहाटे रंगवलेल्या महालांच्या आणि गुंडाळलेल्या पडद्यांच्या मधून त्याने चंचलला उतरवले, तेव्हा बायनाबाई पोरीला पाजत बसली होती. त्या दिवसापासून घरात येईल त्याचे दोन वाटे झाले. लुगड्याचे, मासळीचे, लटारूचेही. शेवटी त्याचा एचआयव्हीचा आजारसुद्धा त्याने दोघींना वाटून दिला आणि तो मरून गेला.

तिथून मात्र वाटे सारखे राहिले नाहीत. बायनाबाई दोन वर्षांत वाळून काडी झाली, मग गोळ्यांवर सावरली. पंधरा वर्षे झाली, रोज एक गोळी. चंचलला साधा तापही आला नाही. डॉक्टर गोळ्या सुरू करा म्हणायचे, ती "पाहू" म्हणून हसायची आणि दर तपासणीत विषाणू सापडेल न सापडेल इतकाच निघायचा. रोवणीच्या चिखलात बायनाबाई स्वतःशीच रचून म्हणायची,

एका डोहाचं पानी बाई, घागरी भरल्या दोन,
एक पाझरून सुकली, एकीले जपते कोन?

"पर हिच्या रगतात हाय तरी काय?" तिने आता विचारले.

संघप्रियाने पाचवी नळी लावली. ती मूळची इकडचीच, कोरपन्याची; तिला इथल्या मातीतले दाखले देऊन सांगता यायचे. "त्या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात, बाई. बोरीसारखे. रक्तातली राखण करणारी प्रतिपिंडं काटा ओळखायला जातात, तोवर तो काटा बदलतो. पण काट्याचा बुडखा सहसा बदलत नाही. आम्हाला वाटतं, चंचलबाईंची प्रतिपिंडं बुडखाच धरतात. ते कसं धरतात हे कळलं, तर लस करायला आधार मिळेल."

"म्हनजे माह्या रगतात पोलीस हाय?" चंचल म्हणाली.

"तसंच समजा."

"पाय ना, बाई. मले लेकरू नाई. कायतरी तं माह्यं राहीन मांगं."

तिचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता. त्या पहाटे ट्रकमधून उतरताना दिसला होता, तसाच. बायनाबाईला तो आजही बघवला नाही.

"ही माह्या गोळ्या खाते," ती म्हणाली.

संघप्रियाचा हात थांबला. "खरं आहे, चंचलबाई?"

चंचलने बायनाबाईकडे पाहिले. मग ती छताच्या कवेलूंकडे वळली. "मोठी बाई म्हनते तं असंन."

संघप्रियाने हळूच सुई काढली, कापूस दाबला. "मग विषाणू गोळीने दबला की रक्ताने, हे सांगता येणार नाही. हे रक्त नेऊन उपयोग नाही." तिने एक नळी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. मग दुसरी. आत त्या एकमेकींवर आपटल्या.

"जाऊ द्या, मॅडम," चंचल म्हणाली. "चाय तरी घेऊन जा."

आवाजात ना राग, ना रडू. त्यापेक्षा तिने बायनाबाईच्या झिंज्या धरल्या असत्या तर बरे झाले असते.

तिसऱ्या नळीशी बायनाबाई म्हणाली, "थांब." ती आत गेली. लोखंडी पेटीच्या तळातून तिने प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेले हिरवे पुस्तक आणले. गोळ्यांच्या केंद्रावर दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजायचे आणि चुकलेल्या या पुस्तकात लिहायचे. सगळ्या पेशंटांपुढे तिथल्या बाईने हे पुस्तक उंच धरून दाखवले होते. असे दुसऱ्या कोणाचे नाही म्हणाली होती. तेवढी एकच गोष्ट वाटा न पडता पूर्ण बायनाबाईची होती.

"वाच."

संघप्रिया पाने उलटू लागली. चुकलेल्या गोळ्या शून्य. खाली शून्य. पुढच्या पानावरही शून्य.

"उरायची तेवढीच उरली दर महिन्याले, अन् मी माही सोडली असती तं कवाच वाळली असती. मंग हिनं खाल्ली कोनची?"

"म्हणजे तुम्ही..."

"खोटं बोलली मी. लिव तुह्या कागदावर. बायना लटारू खोटं बोलली."

संघप्रियाने काही लिहिले नाही. पुस्तक दोन्ही हातांनी परत दिले. "टाकलेल्या दोन नळ्या आता चालणार नाहीत. दुसऱ्या हातातून घ्यावं लागेल."

"घ्या ना," चंचल म्हणाली आणि कूस बदलली.

बारावी नळी पेटीत गेली, तेव्हा बायनाबाईने आपला हात पुढे केला. "माह्यंई घे एक. त्याच मानसाचं हाय."

"बाई, तुमच्यातला विषाणू गोळ्यांनी झोपवलाय. या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांचं रक्त घेत नाहीत."

"समजलं." तिने पदर हातावर ओढून घेतला.

गाडी नागपूरच्या वाटेला लागली. धूळ बसली. दिवेलागणीला मोबाईल वाजला, गोळीची वेळ सांगणारा. पंधरा वर्षे या वेळी माठातले पाणी चंचल आणून देत आली होती. ते कोणत्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. बायनाबाई तळहातावर गोळी घेऊन बसली. आज ती येणार नाही, असे तिला वाटले.

चंचल आली. दोन्ही कोपरांच्या आत कापसाचे बोळे, हात नीट वळत नव्हते. गिलास दोन्ही हातांत धरूनही पाणी हिंदकळत होते.

"धर लवकर," ती म्हणाली. "पोलीस थकले आज."

बायनाबाईने खालून हात लावला. गोळी गिळली. मग चुलीवरचा भात उतरवायला ती उठली. ते काम रोज चंचलचे असे.