धाकटीच्या पाठीवरून

मी सॅक बोलतेय. पाठीला अडकवतात ती. कुणी विचारलेलं नाही, तरी बोलणार आहे. आजवर माझ्यात सगळ्यांनी नुसतं कोंबलंय, माझं ऐकलं कुणीच नाही.

शिवणकामाच्या एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. मला शिवणारी बाई खमकी होती. दुहेरी टीप मारून झाली की प्रत्येक पट्टा हिसका देऊन बघायची. पुढे दुकानातल्या खुंटीवरून मला उतरवलं एका नर्सने. ती ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. तिघी बहिणींत शेवटची, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणतात. केस पिकायला लागले तरी धाकटी.

कित्येक वर्षांनी तिने लांबलचक रजा घेतली. आधी दूरदूर पांगलेल्या बहिणींना आणि काकांना भेटायचं आणि मग काकांच्या गावाहून समुद्राच्या कडेकडेने एकटीनेच चालत निघायचं, असा तिचा बेत होता. दोन ड्रेस, टॉवेल आणि पाण्याची बाटली एवढंच तिने माझ्यात ठेवलं. मी अर्धीअधिक रिकामी. काय सुख होतं!

ते टिकलं थोरलीच्या घरापर्यंत. थोरलीने मिक्सरचं भांडं दिलं. तिच्या मते नवं पातं धाकटीच्याच गावात चांगलं बसवून मिळतं. मधलीने नवऱ्याचे आखडलेले स्वेटर दिले, हॉस्पिटलात कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून. काकांनी तर कहर केला. भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ आणि दगडी खलबत्ता! केव्हातरी थोरलीकडे पोचव म्हणाले. माझ्या पोटावर ‘चाळीस लिटर’ असं ठळक लिहिलंय, पण वाचतो कोण? आणि आमची धाकटी प्रत्येकाला म्हणते, “द्या ना, त्यात काय.”

त्यात काय, ते मला विचारा. किनाऱ्याने चालताना खलबत्ता तिच्या कमरेत रुतायचा. चेनमध्ये वाळू गेली, बकलांवर मीठ चढलं. समोर एवढा समुद्र पसरलेला, पण ही वाकून स्वतःच्या बुटांकडे बघत चाललेली. मला इतका राग यायचा! त्या लोकांचा कमी, हिचाच जास्त.

एका सकाळी थोरलीचा फोन आला. तिच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तू नर्स आहेस, तशीच इकडे निघून ये, समुद्र काय कुठे पळून जात नाही, असं तिचं म्हणणं. धाकटी नुसतं “हं, हं” करत राहिली. तिचं “हं” म्हणजे हो, हे मला पाठ आहे. तिने माझे पट्टे आवळले आणि बसस्टॉप गाठला. संपली सहल, मी मनात म्हटलं.

बस यायला वेळ होता. तिला तहान लागली, पण बाटली नेमकी तळाशी. म्हणून एकेक वस्तू काढून ती बाकावर मांडू लागली. भांडं, स्वेटर, घड्याळ, खलबत्ता. बाक भरला. तिचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर घामाने कुबट झालेले दोन ड्रेस आणि टॉवेल. ती त्या बाकाकडे बराच वेळ बघत राहिली. पाणी प्यायचंही विसरली. मग तिने फोन लावला.

“ताई, मी येत नाहीये.”

पलीकडून उद्या येतेस का, असं विचारलं असावं.

“उद्याही नाही. डोळ्यात थेंब घालायला नर्स लागत नाही ताई. घरातलं माणूस पुरतं.”

पलीकडून फोन कट झाला. बस आली. तिने ते सगळं सामान टपरीवरून मागून आणलेल्या एका खोक्यात बांधून थोरलीच्या नावाने ड्रायव्हरकडे सोपवलं आणि स्वतः खालीच राहिली. बस वळणाआड गेल्यावर ती जरा रडली. मग मला उचललं, आणि मी इतकी हलकी झाले होते की तिचा तोलच गेला.

पुढचा किनारा ती मान वर करून चालली. खाडीच्या पाण्यात माझा तळ भिजला, तो आजतागायत वाळल्यासारखा वाटत नाही. एक चेन कायमची अडकून बसली. त्याचं दुःख नाही.

आम्ही घरी परतलो. थोरली मात्र अबोला धरून बसली. मधलीने मध्यस्थी करून पाहिली, जमलं नाही. धाकटी दर रविवारी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मलाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. एक “नाही” इतकं महाग पडावं?

परवा दारावरची बेल वाजली. दारात थोरली! रागावल्यासारखाच चेहरा. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली. मग कपाटावरून मला खाली ओढलं, पाठीला लावलं आणि आरशासमोर उभी राहिली.

“सासूबाईंना आता दिसतंय नीट,” ती म्हणाली. “मीच घातले थेंब.” आणि आरशातच बघत, “मला कधी कुणी समुद्रावर नेलंच नाही गं.”

धाकटीने मागून येऊन माझे पट्टे थोरलीच्या मापाला सैल केले.

उद्या पहाटे दोघी निघणार आहेत. थोरली आत्ता माझ्यात इस्त्री कोंबतेय. वाळूवर इस्त्री! बाईसाहेब, हात जोडते, ती तेवढी घरी ठेवा. बाकी कुठेही न्या, मी येते.