मिसेस टॅगर्टच्या बरण्या

लाईल ब्रॅनॉकने थंडीभर शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या आणि सगळ्या एकाच आइस्क्रीमच्या बादलीत टाकल्या. बादली भरत आली तशी ती त्याने उचलली, आणि दोन पावलांवर तिची कडी निसटली. शिशाच्या चारशे-पाचशे गोळ्या गॅरेजच्या सिमेंटवर सांडून थेट गाडीखाली गेल्या. तीन वेगवेगळ्या साच्यांच्या गोळ्या एकमेकींत मिसळल्या, निम्म्यांची टोकं चेपली. लाईलने तीस वर्षं रस्त्यांवरचा बर्फ काढायचा काउंटीचा ट्रक चालवला होता. त्याला लवकर राग येत नसे, पण त्या दिवशी तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ स्वतःलाच बोल लावत होता.

दुसऱ्या दिवशी तो मिसेस टॅगर्टकडे गेला.

ऑर्फा टॅगर्ट तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. लेमहाय नदीच्या खोऱ्यातल्या त्यांच्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल त्यांच्या हातचे खाऊनच अर्धं गाव मोठं झालं होतं, त्यामुळे साठीला आलेली माणसंही त्यांना नावाने हाक मारायला धजत नसत. नवरा गेल्यावर त्याचा साचा आणि भांडं त्यांनी विकायला काढलं नाही, स्वतःच शिसं वितळवायला शिकल्या. आता नेमबाजीच्या क्लबात त्यांच्या ओतीव गोळ्यांना तोड नव्हती.

त्यांच्या शेडची मागची भिंत लाईलने पहिल्यांदा नीट पाहिली ती तेव्हाच. फळ्यांवर रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरण्या ओळीने ठेवल्या होत्या, बहुतेक पीनट बटरच्या. प्रत्येक बरणी अर्धीच भरलेली, तळाला जुन्या टॉवेलची घडी, आणि बाहेर ठळक अक्षरांत लिहिलेलं: साचा कुठला, शिशात कथील किती, तारीख कोणती. एकही चिठ्ठी वाकडी नव्हती.

"अर्ध्याच का?" लाईलने विचारलं.

"माझं मनगट मोडलं होतं ना, तेव्हापासून. एका हाताने उचलून बघ," त्या म्हणाल्या.

त्याने उचलली. सहज उचलली गेली. अर्ध्या भरलेल्या बरणीचा भार एका दुखऱ्या मनगटाला पेलेल इतकाच होता. कॉफीचा मोठा डबा भरला की तो कुणीच उचलत नाही, मग तो सरकवतात, आणि सरकवताना आतल्या गोळ्या एकमेकींवर आपटतात, असं त्यांनी सांगितलं. काचेच्या बरण्या त्यांनी एकदाच वापरल्या होत्या, एक फुटल्यावर आठवडाभर फरशीतून काचा वेचत होत्या. पत्र्याच्या डब्याला या शेडमध्ये दोन हिवाळ्यांत गंज धरतो. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी नको, कारण झाकणातला व्हिनेगरचा वास जात नाही. त्या झाकण नाकाशी धरून हुंगत आणि मगच बरणी फळीवर चढवत. लाईलला वाटलं, ही बाई नुसत्या गोळ्या ठेवत नाही. प्रत्येक गोळीला पुढे काय होऊ शकेल याचा आधीच विचार करून ठेवते.

अशा बाईला आपण काय देऊ शकतो, हे त्याच्या डोक्यात घोळू लागलं. लाईलला देता येण्यासारखं एकच होतं. त्याचा हात सुतारकामात बसलेला होता.

ऑक्टोबरात त्यांचा ऐंशीवा वाढदिवस क्लबाच्या हॉलमध्ये झाला. प्रत्येकाने घरून काहीतरी शिजवून आणलं होतं. लाईलने ओकच्या लाकडाची पेटी आणली. सांधे इतके घट्ट की केस शिरणार नाही, आत सोळा कप्पे, आणि झाकण मिटताना आवाजसुद्धा होत नव्हता. मिसेस टॅगर्टनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "असं काम मी माझ्या घरात कधी आणलं नव्हतं, लाईल." लाईलला तेवढं पुरलं. तशीच दुसरी पेटी त्याने स्वतःसाठी केली होती, पण त्यांची नक्कल केल्यासारखं दिसेल म्हणून ते कुणाला सांगितलं नाही. नव्याने ओतलेल्या अकराशे गोळ्या त्याने तिच्यात मांडल्या आणि पेटी गॅरेजमध्ये ठेवून दिली.

मेमध्ये त्याने झाकण उघडलं तेव्हा आत पीठ सांडल्यासारखं दिसलं. सगळ्या गोळ्यांवर पांढरी भुकटी चढली होती. काहींच्या कडा खडबडीत झाल्या होत्या. एक गोळी त्याने बोटात धरली आणि भुकटी बोटाला चिकटली.

आधी त्याला वाटलं, शिसंच खराब निघालं. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच शिशाची एक लादी त्याने बाकावर उघडी ठेवली होती, आणि ती तशीच करडी, स्वच्छ होती. फरक होता तो पेटीचा. मग त्याला दुसरी पेटी आठवली. मिसेस टॅगर्टच्या आख्ख्या हिवाळ्याची मेहनत त्याने दिलेल्या पेटीत असणार.

त्यांच्या घरासमोर पिकअप ट्रक नीट लावण्याचंही त्याला भान राहिलं नाही. मिसेस टॅगर्ट शेडच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्याने काय झालं ते एका दमात सांगितलं. त्या उठल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या.

भिंतीवर बरण्या होत्या तशाच होत्या. पेटी खिडकीखाली होती. त्यांनी झाकण उघडलं. पंधरा कप्पे रिकामे होते, आणि एकात दहा गोळ्या होत्या, पांढऱ्याफटक. त्यांनी कपाटातून वही काढून त्याच्या हातात दिली. दर महिन्याच्या एक तारखेची नोंद होती. नोव्हेंबरात काही नाही. डिसेंबरात कडेला धुरकट. जानेवारीत चार गोळ्या पांढऱ्या. फेब्रुवारीत दहाच्या दहा.

"ओकच्या लाकडातून आंबट वाफ सुटते, ती शिशाला खाते असं माझे वडील म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण वडील पुष्कळ काही म्हणायचे, त्यातलं निम्मं खोटं निघायचं. ऐकीव गोष्टीवरून तुझ्या पेटीला नावं ठेवायची नव्हती मला. म्हणून दहा ठेवून बघितल्या."

"आणि फेब्रुवारीत खात्री झाली तर सांगितलं का नाही?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "भ्याले. तू पेटी किती मन लावून केली होतीस ते मला दिसत होतं. तू स्वतःसाठीही केली असशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. विचारायला हवं होतं. ती चूक माझी."

एवढ्या वयाचं, एवढ्या हुशारीचं माणूस आपल्यासमोर उभं राहून "भ्याले" म्हणतंय, हे लाईलला पेलवेना. तो म्हणाला की लाकूड त्याने निवडलं होतं, त्यात त्यांची काही चूक नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग अर्धी-अर्धी वाटून घेऊ आणि कामाला लागू.

काम तीन दिवस चाललं. ती भुकटी विषारी असते, म्हणून सुकी झटकायची नाही, फुंकायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. दोघांनी हातमोजे घालून गोळ्या पाण्यातच धुतल्या. ते पाणी त्यांनी अंगणात ओतू दिलं नाही, डब्यात झाकून वेगळं ठेवलं. मग दोन दिवस गोळ्या उन्हात पसरल्या, कारण पाण्याचा एक थेंब जरी वितळलेल्या शिशात गेला तरी ते अंगावर उडतं. लाईल दोनदा म्हणाला, वाळल्या आता. दोन्ही वेळा त्यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "नाही."

तिसऱ्या दिवशी शेडची दोन्ही दारं सताड उघडून त्यांनी पुन्हा ओतायला घेतलं. त्या पळीने ओतत होत्या, तो साचा उघडत होता. साचा पुरता न भरल्याने कडा जराशी गोल आलेली गोळी त्या परत भांड्यात टाकत. दुपारपर्यंत लाईललाही त्यांनी उचलण्याआधीच कुठली परत जाणार ते कळू लागलं.

बरण्या निवडायला मात्र त्यांनी त्याला एकट्याला लावलं. त्याने घरून चौदा आणल्या होत्या. त्याने स्वतःच झाकणं हुंगली आणि दोन बाजूला काढल्या. एकीचं तोंड अरुंद होतं, हात आत जाईना, तीही काढली. नंतर मिसेस टॅगर्टनी त्याने बाजूला काढलेल्यांतली एक उचलून हुंगली, होकारार्थी मान हलवली आणि खाली ठेवली.

ऑगस्टमध्ये क्लबाच्या बैठकीत लाईल उठून उभा राहिला. त्याने झाकणबंद बरणीत ठेवलेल्या त्या दहा पांढऱ्या गोळ्या सगळ्यांना दाखवल्या आणि सांगितलं की माझ्या पेटीने हे केलं, ओक वापरू नका. कुणीतरी विचारलं, मग पाइनचं लाकूड चालेल का? लाईलने मिसेस टॅगर्टकडे पाहिलं.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पाइनमध्येही दहा ठेवल्या आहेत. एप्रिलमध्ये सांगते."