खटॅक

धाकट्या भावाने स्टुडिओत नवा मिररलेस कॅमेरा आणला आणि ताईचा जुना डीएसएलआर परस्पर विकायला काढला.

"तुझा नुसता खटॅक खटॅक करतो. हा चकार शब्द काढत नाही."

पासपोर्ट फोटोसाठी आलेले आजोबा श्वास रोखून बसले होते. भावाने चार फोटो काढले, तरी ते ताठच. चेहरा लालबुंद.

"झाला फोटो, आजोबा."

"कधी?" आजोबा धापा टाकत म्हणाले. "मला बनवू नका. ताई, तुम्ही काढा."

ताईच्या कॅमेऱ्याने खटॅक केलं आणि आजोबांनी निवांत श्वास सोडला.

भाऊ खजील झाला. "तसा आवाज यातही लावता येतो."

"म्हणजे नक्कल ठेवायची आणि अस्सल विकायचं होय रे?" म्हणत ताईने पट्टा गळ्यात अडकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.