एका फुलाचे पुंकेसर

सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, भाद्रपद उतरणीला लागला होता. काळ्या कातळावर जलबिंदू, जलबिंदूंवर कोवळं ऊन, आणि त्या उन्हात निळ्या-जांभळ्या तृणपुष्पांची अथांग, अनावर उधळण. पाऊल कुठे ठेवावं तेच कळू नये.

पण शर्वाणीबाईंना त्या वैभवाचं काय! त्या एकाच रोपासाठी आल्या होत्या. जन्मभर त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि जन्मभर या एका रानरोपाचा ध्यास घेतला. कुणी एके काळी इथून नेलेली त्याची वाळकी फांदी तेवढी जगाला ठाऊक. फूल कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याचं कुल, वनस्पतींतलं त्याचं घराणं, कुणाला सांगता येत नव्हतं.

आणि आज ते सापडलं. कातळाच्या खाचेत, वीतभर, शुभ्र, एकपुष्पी, एकाकी. "किती रे वाट पाहायला लावलीस," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

रंगाला भुलू नका, रूपाला भुलू नका, फुलाचं कुल पुंकेसरांना विचारा. वर्गावर्गांतून त्यांनी हेच घोकून घेतलं होतं. मोहरीचे चार लांब, दोन आखूड. तुळशीचे दोन लांब, दोन आखूड. वाटाण्याचे नऊ एकत्र, दहावा फटकून. आणि जास्वंदीचे सगळे गुण्यागोविंदाने एका नळीत, नळीच्या पोटात जपलेला स्त्रीकेसर.

हात सवयीनेच चालले. भिंग डोळ्याशी, सुई चिमटीत. एक पाकळी खुडून बाजूला, दुसरी खुडून बाजूला. नळी दिसली. तरी खात्री हवी, म्हणून ती उभी चिरली, पार देठापर्यंत.

"हेमांगी, जास्वंदीचं कुल गं! जास्वंदीचं!"

हेमांगी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवणारी. धावत आली, उकिडवी बसली, पानं उलटून पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "बाई, याला दुसरी कळी नाही. शेंडे शेळ्यांनी खाल्लेत."

उन्हं कलेपर्यंत दोघींनी सडा पालथा घातला. दुसरं रोप नव्हतं. पावसाळ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकून मरायचं, एवढंच त्याचं आयुष्य. ते बी त्या नळीच्या तळाशी धरायचं होतं. सुई तिथूनच गेली होती.

"मारलं गं मी त्याला. माझ्या हातांनी मारलं."

"बाई, निदान कुल तरी कळलं..."

"जळो ते कुल!"

बाटलीतलं पाणी त्यांनी थेंब थेंब मुळाशी घातलं. त्याने काही होणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी घालत राहिल्या.

तेवढ्यात एक मधमाशी आली. रित्या देठाभोवती फिरली, टेकली, उडाली, पुन्हा टेकली. आणि मग त्या साऱ्या फुललेल्या सड्यावरून, गुणगुणत, गुणगुणत, दूर निघून गेली.