माझ्या डोक्यावरची पेटी

मी एक जुना पियानो आहे. बोरी गावातल्या एका शाळेत, गाण्याच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा असतो. मित्रांनो, आधीच कबूल करतो, माझी ही कहाणी जळकुकड्याची आहे.

माझ्या पोटात लोखंडी चौकट आहे आणि तिच्यावर दोनशेहून जास्त तारा ताणलेल्या आहेत. समोर बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या पट्ट्या. पट्टी दाबली की आतली लाकडी हातोडी उडून तारेवर बसते. तिच्या तोंडाला लोकरीचा जाड नमदा असतो, म्हणून सूर गोड येतो. पट्टी सोडली की दुसरा नमदा तारेवर टेकतो आणि तिला गप्प करतो. पायाशी उजवं पेडल दाबून धरलं, तर मात्र तारा मोकळ्या राहतात आणि सूर घुमत राहतो.

हैदराबादेत माझ्या घरच्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी घर मोडलं, तेव्हा शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला टेम्पोत घालून इथं धाडलं. गाण्याचे योगीराज सर हौसेनं पुढ्यात बसले आणि दोन्ही पायांनी माझी पेडलं हाणू लागले. त्यांना वाटलं, ही पायपेटीच. प्रवासात उतरलेल्या माझ्या तारा बेसूर बोलल्या.

"हवाच भरंना ह्याच्यात. भाता फुटलाय वाटतं," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. मला भाता नसतोच, हे मी सांगणार कसा?

मग सरांनी आपली बाजाची पेटी आणून थेट माझ्या डोक्यावर ठेवली. एवढीशी पेटी! पण सातवीतली अर्पिता तिला कडेवर घेऊन अंगणात न्यायची, तिच्यावर गायची. मला तर जागचं हलता येत नव्हतं. खंडेनवमीला पेटीला हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि पूजेचं तबक ठेवायला माझं झाकण. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अशात एका उंदरानं माझ्या पोटात घर केलं. तो रोज वर चढून पेटीचा भाता कुरतडायचा. मला ते कळत होतं आणि खरं सांगतो, आनंद होत होता.

शाळेच्या कार्यक्रमाला चार दिवस राहिले असताना पेटीतून नुसतीच हवा फुसफुसू लागली. अर्पिता रडकुंडीला आली. शेवटी ती माझ्याकडे वळली. आता माझी पाळी, म्हणून मी हरखलो. तिनं पट्टी दाबली आणि पत्र्यावर खडा पडावा तसा आवाज आला. उंदरानं माझ्या हातोड्यांचा नमदाही खाल्ला होता.

तिनं माझं पुढचं फळकूट काढलं.

"सर, ह्याच्यात तर हातोड्या हायत. आन् हे बघा, पेटीच्या भात्याचे तुकडे."

"म्हंजी चोर हितंच दडला व्हता," सर म्हणाले. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

सरांनी भात्याला ठिगळ लावलं. कार्यक्रम पेटीवरच झाला आणि अर्पिता सुरेख गायली. माझं आता भंगार होणार, असं मी धरून चाललो.

पण दुसऱ्या दिवशी अर्पिता घोंगडीचा तुकडा घेऊन आली. माझ्या एका हातोडीला तिनं तो नीट चिकटवला. सरांनी पाना आणला, पण तार कुठवर ताणायची ते त्यांना कळेना.

"पेटीलाच इचारू की सर," अर्पिता म्हणाली.

तिनं पेटीवर सा धरला. ठिगळाच्या भात्यातून तो लांब, एकसारखा येत राहिला आणि सर त्या एका हातोडीच्या तारा त्याला मिळवत गेले. किती वर्षांनी मी सुरात बोललो, तेही पेटीनं दिलेल्या सुरात.

ती अजून माझ्या डोक्यावरच बसते. माझ्या सत्त्याऐंशी पट्ट्या अजून बाकी आहेत. मित्रांनो, वाद्याचं टेबल करू नका, ते वाजतं ठेवा. आणि कुणाचा भाता फाटला तर मनातही हसू नका. मी हसलो होतो, आणि माझा सा मला तिच्याकडूनच मागून घ्यावा लागला.